तत्त्वज्ञान घेऊन पुढं काय

जून लागला की जुन्या जालन्याच्या गल्ल्यांमधून बियाण्यांच्या खोक्यांनी भरलेले छोटे टेम्पो वाट काढत निघतात, आणि त्याच आठवड्यात विजेच्या खांबांवर कॉलेजांचे फलक चढतात. प्रवेश सुरू. मर्यादित जागा. अनुभवी प्राध्यापकवृंद. फलकावर काळा गाऊन घातलेली, चौकोनी टोपी हवेत उडवणारी एक मुलगी असते. सगळ्या कॉलेजांच्या फलकांवर तीच असते. ती आपल्या जिल्ह्यातली नाही हे तिच्या बुटांवरून कळतं. तिनं कोणता विषय घेतला असेल, हा प्रश्न मला दर जूनमध्ये पडतो. तत्त्वज्ञान नसावं. तत्त्वज्ञान घेतलेलं माणूस टोपी इतक्या उंच उडवत नाही.

मी उडवली नव्हती. पदवीच्या समारंभाला गेलोच नव्हतो. पण मी तत्त्वज्ञानात एम. ए. आहे, प्राध्यापकीची सेट परीक्षाही पास आहे, आणि सध्या एका बियाणे कंपनीत फिल्डवर आहे. शेतकऱ्यांच्या शेडनेटमध्ये मिरचीचं, काकडीचं बियाणं तयार होतं, त्यावर देखरेख करायची. मळ्यामळ्यात जाऊन पुढच्या हंगामासाठी शेतकरी तयार करायचे. मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, एम. ए. कशात? मी सांगितलं. त्यांनी माझा अर्ज उलटून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे बोलता येत असंल. मंग बास." तत्त्वज्ञानाच्या पदवीवर मला मिळालेली बारमाही पगाराची ही एकमेव नोकरी. बोलता येतं म्हणून.

आणि ते खरंच आहे. लोकांच्या दारात बसून, चहा पिऊन, त्यांना न पटलेली गोष्ट पटवून द्यायचं काम मी आधीच शिकलो होतो. कॉलेजात शिकलो होतो. वर्गात नव्हे, जूनमध्ये.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्याकडं कॉलेज सुरू व्हायच्या आधी प्राध्यापक गावोगाव फिरतात. बारावीचा निकाल लागला की मोटरसायकली निघतात. कुणाचा मुलगा पास झाला, कुणाची मुलगी, याची माहिती काढायची, दुसऱ्या कॉलेजाच्या सरांच्या आधी त्या घरी पोचायचं, आणि मुलाची मूळ टीसी हस्तगत करायची. टीसी ज्याच्या पिशवीत, विद्यार्थी त्याचा. आईबापांना काय काय सांगतात ते ऐकण्यासारखं असतं. स्कॉलरशिपचा फॉर्म आम्ही भरतो. बसच्या पासचं आम्ही बघतो. रोज यायची गरज नाही, परीक्षेपुरतं आलं तरी चालतं. माझा विषय तर मी असाच विकायचो. प्रॅक्टिकल नाही, गणित नाही, महागडी पुस्तकं नाहीत. ज्या विषयासाठी मी हॉस्टेलच्या जिन्यातल्या बल्बखाली बसून डोळे खराब करून घेतले, त्याची जाहिरात मी 'काहीच करावं लागत नाही' अशी करत होतो.

हे सगळं वर्कलोडसाठी. मुलं असतील तर तास, तास असतील तर विषय, विषय असेल तर जागा. मी तेव्हा तासिका तत्त्वावर होतो, म्हणजे घेतलेल्या तासापुरता प्राध्यापक. उन्हाळ्यात आणि दिवाळीत कोणीच नाही. मानधन वर्ष संपल्यावर आलं तर आलं. विभागात पूर्णवेळ एकटे देशमाने सर. ते त्या वर्षाअखेरीस निवृत्त होणार होते. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा पहिल्या वर्षाचा वर्ग उभा राहिला तर सरांची जागा मागता येईल. नाही राहिला तर विषयच बंद करू. आणि जागा निघाली तर माझा विचार होईल. वर्गात मी मुलांना 'जर-तर'ची विधानं शिकवायचो. पूर्वांग खरं ठरल्याशिवाय उत्तरांगाबद्दल काही म्हणता येत नाही, असं फळ्यावर लिहायचो. माझं लग्न, मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन, जालन्यात भाड्याच्या का होईना दोन खोल्या, सगळं 'तर'च्या पलीकडं ठेवलेलं होतं.

त्या जूनची आठवण म्हणजे गरम सीट आणि धूळ. मृग कोरडाच चालला होता. गजानन गाडी चालवायचा, मी मागं. तो भूगोलाचा, माझ्यासारखाच तासिकेवरचा. घरी थोडी शेती होती, त्यामुळं त्याच्या बोलण्यात एक निर्धास्तपणा होता. तो मला नावानं हाक मारत नसे. "तत्त्वज्ञानी, बसा मागं." किंवा, "तत्त्वज्ञानी, पेट्रोल संपलंय असं वाटून राह्यलं का खरंच संपलंय, ते सांगा." एकदा म्हणाला, "माझ्या विषयात निदान नकाशा तरी असतो. कुठं फसलो ते दाखवता येतं." मी हसलो. तो विनोदी होता आणि त्याची गाडी होती.

दुपारी कुठल्याशा पारावर बसून आम्ही डबा खायचो. मोबाइलमध्ये मी एक पान साठवून ठेवलं होतं, तत्त्वज्ञानातील पदव्युत्तर पदवीनंतर करिअरच्या संधी. ते मला तोंडपाठ झालं होतं. अध्यापन. संशोधन. प्रशासकीय सेवा. कायदा. पत्रकारिता. समुपदेशन. शेवटी एक वाक्य होतं, विश्लेषणात्मक विचार करणाऱ्या मनुष्यबळाला उद्योगजगतात वाढती मागणी आहे. आमच्या उद्योगजगतात, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यांत, माझा चुलतभाऊ कामाला होता. त्यानं तिथल्या ठेकेदाराला माझ्याबद्दल विचारून पाहिलं होतं. ठेकेदारानं वेल्डिंग येतं का विचारलं.

लोक ती संधींची यादी शांतपणे ऐकून घ्यायचे. आमच्याकडच्या माणसांना शिकलेल्या माणसाचं बोलणं मध्येच तोडता येत नाही. यादी संपली की म्हातारा किंवा म्हातारी विचारायची, ते बराबर हाय सर, पण पुढं काय? खरं तर उत्तर त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलेलं असायचं. घामानं चिकटलेला शर्ट, बॅगेत पाण्याची बाटली, मित्राच्या गाडीवर मागं बसून आलेलं.

मी त्या विषयाशी कृतघ्न होऊ इच्छित नाही. म्हणून आधी हे सांगतो की मी त्याच्यात कसा आलो.

आमचं गाव केदारखेडा. वस्तीत कॉलेजापर्यंत गेलेला मी पहिला. बाप हंगामात जालन्याजवळच्या वीटभट्टीवर जायचा, माय रोजानं निंदायला. बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात देशमाने सर आमच्या घरी आले. स्कूटर वस्तीच्या तोंडाशी लावून, नालीवरच्या फरशीवरून चालत आले. बाजेवर बसले. मायनं तांब्या दिला तो त्यांनी घेतला आणि सगळं पाणी पिऊन रिकामा तांब्या खाली ठेवला. आणखी मागितलं. मग चहा. बापाला म्हणाले, पोरगं माझ्या हाताखाली द्या. विषय कोणता हे बापानं विचारलंच नाही. सर गेल्यावर मीच विचारलं की तत्त्वज्ञान म्हणजे काय असतं. बाप म्हणाला, "काय का असंना. माणूस घरात येऊन पाणी पेला. पुन्हा मागून पेला. तू जा."

माझा विषय असा ठरला. एका तांब्याभर पाण्यावर. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्याला हात लावता येत नव्हता त्यांनाच हे समजेल. इतरांना हा बापाचा भाबडेपणा वाटेल. मलाही पुढं काही वर्षं तसं वाटलं, पण ते दुसऱ्या कारणानं.

वर्गात सर फार चांगलं शिकवत. अनुमान शिकवताना नेहमीचं उदाहरण असतं, पर्वतावर धूर दिसतो म्हणून तिथं अग्नी आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, सर, इथं पर्वत कुठंय? सरांनी खिडकीकडं बोट केलं. "पर्वत नाही आपल्याकडं. वीटभट्टी घ्या." लांब, सपाट जमिनीच्या टोकाला खरंच धूर दिसत होता. जिथं धूर तिथं अग्नी, सर म्हणाले. मी वहीत लिहून घेतलं. जिथं अग्नी तिथं माझा बाप, हे लिहिलं नाही, पण तेही त्या अनुमानातून तितक्याच सरळ निघत होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय माझा आहे. डोळ्यांना दिसतं त्याच्या मागं काय असलं पाहिजे, हे विचारून काढायची रीत कुणीतरी मला फुकट देत होतं. आमच्या वस्तीत आज्ञा पुष्कळ मिळत. कारण कुणी देत नसे. तिथं पहिल्यांदा कारणं मागता आली, आणि मागितल्याबद्दल कुणी हाकललं नाही.

हे ऋण मी नाकारत नाही. फक्त त्याच्यावर पोट भरत नाही, आणि ही गोष्ट मला कुणी वेळेवर सांगितली नाही.

वाटूरला आम्ही जूनच्या शेवटी गेलो. जवळची गावं बाकीच्या कॉलेजांनी वाटून घेतली होती, म्हणून आम्ही लांब निघालो होतो. आमच्या वर्गाला तेव्हा एकच मुलगा किंवा मुलगी कमी पडत होती. गजाननाचा वर्ग भरला होता. तो केवळ माझ्यासाठी आलता. फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं, तिथं हवा भरताना बोलता बोलता कळलं की दुकानदाराची मुलगी बारावी झाली आहे आणि तिला तर्कशास्त्रात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क आहेत. गजाननानं माझ्याकडं असं बघितलं, जसं जमिनीत पाणी सापडल्यावर बघतात.

घर दुकानाच्या मागंच होतं. भिंतीवर दोन तसबिरी, आमच्या घरी आहेत त्याच. मुलीचं नाव प्रतीक्षा. ती दारात उभी राहिली, बसली नाही. तिच्या आईनं चहा ठेवता ठेवताच तक्रार केली की हिला घरात प्रत्येकाच्या बोलण्यात चूक काढायची सवय लागली आहे, आजीला सुद्धा सोडत नाही. गजाननानं नेहमीचं सुरू केलं. तत्त्वज्ञान घेतलेले कलेक्टर होतात, वगैरे.

"काही होतात म्हणा सर," ती म्हणाली. "सगळे न्हाई."

तिच्या आईनं कपाळाला हात लावला. गजानन हसला. मी मात्र सावरून बसलो. काही आणि सगळे यांतला फरक पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगताना माझा अर्धा महिना जायचा, आणि निम्म्यांना तो शेवटपर्यंत कळायचा नाही. मी तिला एक-दोन गोष्टी विचारल्या. तिनं उत्तरं दिली, मग तिनंच विचारायला सुरुवात केली. सगळे म्हणतात ते खरं असतं का. जे सिद्ध करता येत नाही ते खोटं मानायचं का. चहावर साय धरली. तेवढा वेळ मी खरोखर प्राध्यापक होतो. कॉलेजात मला इतका चांगला तास कधी मिळाला नव्हता.

तेवढ्यात तिचे वडील हात पुसत आत आले. त्यांनी फळीवरून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून टीसी आणि मार्कमेमो काढून माझ्या हातात दिले. मी मागितलेही नव्हते.

"तुम्ही आपल्यातले शिकलेले," ते म्हणाले. "तुम्ही सांगताल तसं. आम्ही बिलकुल काही इचारणार न्हाई."

हातातल्या कागदांना ग्रीसचा डाग लागला होता. ते माझ्या बॅगेत गेले असते तर वर्ग उभा राहिला असता. वर्ग राहिला तर जागा, जागा राहिली तर मी. पुढं काय, असं या घरात कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं असतं तर मी यादी म्हणून दाखवली असती; प्रशासकीय सेवा, कायदा, पत्रकारिता, न अडखळता. त्यांनी विचारलं नाही म्हणून माझी पंचाईत झाली.

मी टीसी परत दिली. म्हणालो, "हिला नर्सिंगला टाका. जालन्यात कॉलेजं आहेत. लवकर नोकरी लागते."

गजाननाचा कप वाजला. वडिलांनी मान हलवली; मी तत्त्वज्ञान म्हणालो असतो तरी त्यांनी तशीच हलवली असती. प्रतीक्षा दारातून सरकली नव्हती.

"मंग तुम्ही आलात कशाला?" ती म्हणाली.

आईनं तिला दटावलं. सरांशी असं बोलतात का. मी म्हणालो, बोलू द्या. पुढं बराच वेळ गाडीवर मागं बसून उत्तर जुळवत होतो आणि एकही वैध निघत नव्हतं. गजाननानं जालना येईपर्यंत विनोद केला नाही. चौफुलीवर मला उतरवताना म्हणाला, "येडा हायेस तू," आणि पहिल्यांदा माझं नाव घेतलं.

वर्ग उभा राहिला नाही. ज्यांनी तत्त्वज्ञान भरलं होतं त्यांना कार्यालयातून लोकप्रशासनात घातलं. त्यांना ते कळायला महिना लागला, आणि कळल्यावरही कुणी तक्रार केली नाही. विभागाच्या खोलीत आता क्रीडासाहित्य असतं.

देशमाने सरांच्या निरोप समारंभानंतर मी त्यांच्या घरी गेलतो. ओसरीत हारांचा ढीग पडला होता, त्यातल्या झेंडूचा उग्र वास अजून नाकात आहे. मी त्यांना विचारलं, सर, तुम्ही आमच्या घरी आलात त्या वर्षी वर्कलोड कमी होता का?

सरांनी पायाशी आलेला एक हार उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "होता. दोन मुलं कमी होती." पुढं म्हणाले, "आणि तुझा निबंध मी वाचला होता, तुझ्या शाळेतल्या बाईंनी दाखवलेला. तू हुशार होतास. दोन्ही विधानं खरी आहेत. त्यांच्यात व्याघात नाही."

व्याघात नाही हे मलाही कळतं. पण बापाला हे मी कधी सांगितलं नाही. त्याच्या दृष्टीनं ते पाणी निव्वळ पाणी आहे, आणि तसंच राहो. मी मात्र त्यानंतर कुणाच्या घरी पाणी पितो तेव्हा कशासाठी पितो आहे हे मला माहीत असतं. शेडनेटवाल्याच्या घरीसुद्धा.

अधूनमधून कुणीतरी फोन करतं. पुतण्याला एम. ए. करायचंय, तत्त्वज्ञानात करू का, तुमचं झालंय म्हणून विचारलं. मी काय सांगतो ते दर वेळी वेगळं असतं. पाऊस चांगला असला, बियाण्याचा प्लॉट उभा असला, तर म्हणतो, कर, पण सोबत दुसरं काही तरी हातात ठेव. एरवी नको म्हणतो. एकदा एकाला अर्धा तास अस्तित्ववादाबद्दल सांगत राहिलो. तो म्हणाला, सर, रेंज जाऊन राह्यली.

यंदाच्या जूनमध्ये मायला घेऊन जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात गेलतो. तिचं बीपी वाढलं होतं. बाकड्यावर खेड्यांतून आलेली माणसं दाटीनं बसली होती, बाहेर सावलीला मोटरसायकली. आतून नंबर पुकारत होते. एक सिस्टर आली, मायच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला, आकडा लिहिला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "सर, ओळखलं का?"

मी ओळखलं नाही. तिनं वाटूर म्हटल्यावर ओळखलं.

ती बारीक झाली होती. आवाज तोच. नर्सिंग झालं, लगेच इथं लागले, असं तिनं सांगितलं. धाकट्या भावाचं शिक्षण तीच बघते. "बाबा अजून नाव काढतात तुमचं," ती म्हणाली. "म्हणतात, त्या सरांनी बराबर सांगितलं, न्हाई तर पोरीचं नुकसान झालं असतं."

करिअरच्या मार्गदर्शनाबद्दल माझे आभार आजवर एकाच घरानं मानले आहेत, ते हे. मी काही तरी बोलायचं म्हणून बोललो, छान झालं, चांगलं झालं. ती पट्टा गुंडाळत होती.

"पण मला तो विषय शिकायचा होता, सर," ती म्हणाली. रागानं नाही. तक्त्यावरचा आकडा वाचावा तसं. मग पुढच्या पेशंटचं नाव घेतलं आणि त्याच्याकडं वळली.

माय तिच्याकडं बघत राहिली होती. पांढरा कोट, खिशात पेन. म्हणाली, "तुझ्या हाताखाली शिकली का रे ती?"

"न्हाई," मी म्हणालो.

मायला ते ऐकू आलं नसावं, किंवा तिनं ते मनावर घेतलं नाही. तिनं शेजारच्या बाईला कोपरानं हलवलं आणि त्या सिस्टरकडं बोट केलं. माझा लेक कॉलेजात सर होता, म्हणाली, ती पोरगी त्याची विद्यार्थीन. बघा कशी नोकरीला लागली. त्या बाईनं माझ्याकडं आदरानं पाहिलं आणि विचारलं, सर, माझी नात यंदा बारावी झाली, तिला काय घेऊ देऊ?